मायक्रोबायोलॉजीची शिकवणी लावायची, पण नेमकी कशासाठी?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. खानापूर तालुक्यातलं गाव, दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम सगळं इंग्रजी, आता बेळगावात बीएस्सीचं दुसरं सेमिस्टर आणि पहिल्या सेमिस्टरचा मायक्रोबायोलॉजीचा पेपर राहिलेला. तू विचारलंयस की प्रत्यक्ष शिकवणारं कुणी बघावं की ऑनलाइन शिकवणी लावावी, मराठीतून शिकवणारं कुणी मिळेल का, आणि पैसे किती देणं रास्त. हे सगळं सांगते. पण सगळ्यात शेवटी तू एक वाक्य लिहिलंयस, ‘वर्गात ऐकताना कळतं, पेपर लिहायला बसलं की काहीच सुचत नाही.’ माझ्या मते तुझा खरा प्रश्न हा आहे, आणि कसली शिकवणी हवी ते यावरूनच ठरतं.

मी बेळगावातल्या एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये २२ वर्षं काम केलंय आणि त्यातली बरीच वर्षं संध्याकाळी घरी मुलं शिकवली आहेत. बीएस्सीची, नर्सिंगची, लॅब टेक्निशियनच्या कोर्सची. निम्म्याहून जास्त मुलं तुझ्यासारखीच: खानापूर, निपाणी, येळ्ळूर, उचगाव या बाजूची, घरात मराठी, दुकानात कानडी, पुस्तकात इंग्रजी. तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून सरळ अगंतुगं करते.

आधी एक स्पष्ट करते. शिकवणी हवी की नको हे कोर्सवर बरंच अवलंबून असतं. नर्सिंगच्या मुलीला निर्जंतुकीकरण, हात धुणं, संसर्ग कसा पसरतो आणि नमुना कसा घ्यायचा यावर जास्त भर लागतो. बीएएमएस किंवा एमबीबीएसच्या मुलांना रोग आणि निदान. तुला बीएस्सीला पेशीची रचना, वाढ, माध्यमं (जीवाणू ज्यावर वाढवतात ते खाद्य), रंजन (जीवाणू रंगवून बघणं) आणि सूक्ष्मदर्शक हे पायापासून हवं. हॉस्पिटलमधला हुशार डॉक्टर तुला टायफॉइडचं निदान सुरेख समजावेल, पण तुझ्या पहिल्या सेमिस्टरच्या पेपरात ते कदाचित एका ओळीपुरतंच असेल. म्हणून ‘मायक्रोबायोलॉजी शिकवणारं कुणी आहे का’ असं विचारू नकोस. ‘बीएस्सी पहिल्या वर्षाची मायक्रोबायोलॉजी शिकवणारं कुणी आहे का’ असं विचार.

आता ‘ऐकताना कळतं’ याबद्दल. ऐकताना जे कळतं ते सरांचं कळणं असतं. त्यांनी एक वाक्य दुसऱ्याला जोडून दिलेलं असतं, आपण मान हलवतो. पेपरात ती जोडणी आपल्याला करायची असते, तीही परक्या भाषेत. मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे स्वतःलाच दोष देतात: आपलं इंग्रजी कच्चं, म्हणून विषय कच्चा. मला हे अगदी पटत नाही. या विषयातली निम्मी जड नावं इंग्रजी नाहीतच, ग्रीक आणि लॅटिन आहेत. ‘स्टॅफिलो’ म्हणजे द्राक्षांचा घड, ‘स्ट्रेप्टो’ म्हणजे पिळलेली साखळी, ‘कॉकस’ म्हणजे दाणा, ‘बॅसिलस’ म्हणजे छोटी काठी. कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलीलाही ती नावं तुझ्याइतकीच परकी. साल्मोनेला या जीवाणूच्या नावाचा सामन माशाशी काही संबंध नाही, सामन हे एका अमेरिकन पशुवैद्याचं आडनाव. शिगेला हे नाव शिगा या जपानी शास्त्रज्ञावरून, एशेरिकिया (ई. कोलायमधला ‘ई.’) हे एशेरिश या जर्मन बालरोगतज्ज्ञावरून. एवढं कुणी सांगितलं की नावांची भीती निम्मी होते. शिकवणाऱ्याने ते पहिल्या आठवड्यात सांगायला हवं.

तुझी अडचण नेमकी कुठे अडकते ते एका मुलीच्या उदाहरणावरून दाखवते. ती निपाणीकडची, बीएस्सीचीच. ग्रॅम रंजनाच्या (जीवाणू रंगवून त्यांचे दोन गट ओळखायच्या पद्धतीच्या) चारही पायऱ्या तिला घडाघडा पाठ होत्या: क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, मग अल्कोहोल, शेवटी सॅफ्रानिन. ग्रॅम पॉझिटिव्ह जांभळे, ग्रॅम निगेटिव्ह गुलाबी. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला तिला स्टॅफिलोकॉकस दिला होता. तो ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे जांभळा दिसायला हवा. तिच्या स्लाइडवर सगळे दाणे गुलाबी. तिने रेकॉर्डमध्ये ‘ग्रॅम निगेटिव्ह’ लिहिलं आणि मार्क गेले. माझ्याकडे रडवेली होऊन आली.

मी तिला स्लाइडबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, ‘अल्कोहोल किती वेळ धरलंस?’

‘रंग जाईपर्यंत.’

‘कुठला रंग?’

ती थांबली. स्लाइडवरून खाली ओघळणाऱ्या थेंबातला रंग जाईपर्यंत धरायचं असतं, जेमतेम दहा-वीस सेकंद. हिने स्लाइडवरचा जांभळा डाग पूर्ण फिका होईपर्यंत अल्कोहोल ओतलं होतं. मग मी तिला आत काय घडतं ते कागदावर काढायला लावलं. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन मिळून पेशीत एक मोठा संयुग तयार होतो. ग्रॅम पॉझिटिव्हची भिंत जाड, पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाचे थरावर थर. अल्कोहोलने ती भिंत सुकून आवळते आणि तो मोठा संयुग आत अडकतो. ग्रॅम निगेटिव्हची भिंत पातळ आणि तिच्यावर स्निग्ध पदार्थाचं बाहेरचं आवरण. अल्कोहोलने ते आवरण विरघळतं आणि रंग धुऊन जातो. पण अल्कोहोल गरजेपेक्षा जास्त वेळ राहिलं तर जाड भिंतीतूनही रंग शेवटी निघतोच. कल्चर (वाढवलेले जीवाणू) जुनं असेल तर भिंती कमकुवत झालेल्या असतात, तेव्हाही ग्रॅम पॉझिटिव्ह गुलाबी दिसू शकतो. म्हणूनच ताजं, १८ ते २४ तासांचं कल्चर घ्यायचं. स्मिअर (काचेवर पसरलेला जीवाणूंचा थर) जाड असेल तर उलटी गडबड, रंग नीट निघतच नाही.

हे सगळं तिने मला मराठीत सांगितलं. अडखळत, पण स्वतःच्या वाक्यात. मग तेच इंग्रजीत पाच वाक्यांत लिहिलं. पुढच्या परीक्षेला ‘ग्रॅम रंजनाचं तत्त्व लिहा’ आलं तेव्हा तिला आठवावं लागलं नाही. ते रंजन १८८४ मध्ये हान्स क्रिस्टियान ग्रॅम यांनी प्रसिद्ध केलं हे तिला आधीही पाठ होतं, पण त्या पाठांतराने तिची स्लाइड बिघडायची थांबली नव्हती.

तर शिकवणी यासाठी लावायची. नोट्स उतरवून घेण्यासाठी लावू नकोस. मी स्वतः शिकत असताना एका क्लासला जायचे. तिथे दीड तास नोट्स सांगितल्या जायच्या आणि आम्ही माना खाली घालून लिहायचो. वह्या सुंदर झाल्या. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, ‘लूप (जीवाणू उचलायची तार) ज्योतीवर लाल होईपर्यंत का तापवतेस, आणि तापवून लगेच का वापरत नाहीस?’ पहिल्याचं उत्तर वहीत होतं, ते म्हणून दाखवलं. दुसरं वहीत नव्हतं. तापलेल्या लूपने आपण उचलायला गेलेले जीवाणूच मरतात, आणि कल्चर तडतडून उडालं तर हवेत पसरतं. घरात फोडणीच्या गरम तेलात पाणी पडलं की काय होतं हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी तिथे तोंडातून शब्द फुटला नाही. कारण त्या क्लासमध्ये मी कधी तोंड उघडलंच नव्हतं.

एकास एक शिकवणीचा फायदा एवढाच आहे की तिथे तू बोलू शकतेस. वर्गात ८० मुलांपुढे सर तुला बोलू देऊ शकत नाहीत, त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून कुणाकडेही जाण्याआधी एक तास चाचणीचा माग. त्या तासात बघ, बोलतंय कोण. शिकवणारी व्यक्ती ५० मिनिटं बोलली आणि तू दहा मिनिटं, तर ती कितीही विद्वान असली तरी तुझ्या कामाची नाही. तुझ्याकडून आकृती काढून घेते का, चुकल्यावर लगेच बरोबर उत्तर सांगते की ‘असं का वाटलं तुला’ विचारते, ते बघ.

आणि मराठीतून शिकवणाऱ्याचा आग्रह थोडा सैल सोड. तुला मराठीत बोलू देणारं माणूस हवं. ते स्वतः कानडीत बोललं तरी चालेल. मला सूक्ष्मदर्शक खऱ्या अर्थाने शिकवला तो एका कानडी बोलणाऱ्या टेक्निशियननी. ते कानडीत सांगायचे, मी मराठीत विचारायचे, तांत्रिक शब्द इंग्रजीत, आणि दोघांचंही काही अडलं नाही. बेळगावात हे रोजचंच आहे. पेपर मात्र इंग्रजीत आहे. म्हणून प्रत्येक तासाची शेवटची दहा मिनिटं, जे मराठीत सांगितलं ते इंग्रजीत लिहून दाखवण्यासाठी राखून ठेव. छोटी वाक्यं, क्रियापद साधं. जीवाणूचं नाव हाताने लिहिताना पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसऱ्या शब्दाचं लहान, आणि दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. यावर दर पेपरात फुकटचे मार्क जातात.

दुसरा एक घोळ सांगते, कारण तुझ्या राहिलेल्या पेपरात तो असण्याची दाट शक्यता आहे. माध्यमांच्या धड्यात मॅकॉन्की अगार येतं. त्यावर ई. कोलाय गुलाबी वाढतो, साल्मोनेला फिकट. मुलं हा गुलाबी आणि ग्रॅम रंजनातला गुलाबी एकच समजतात आणि ‘गुलाबी म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह’ असं लिहून मोकळी होतात. ग्रॅममधला गुलाबी हा सॅफ्रानिनचा, तो एकेका पेशीवर, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. मॅकॉन्कीवरचा गुलाबी अख्ख्या वसाहतीचा (एकत्र वाढलेल्या जीवाणूंच्या ठिपक्याचा), साध्या डोळ्यांनी दिसणारा. ई. कोलाय लॅक्टोज आंबवतो, आम्ल तयार होतं, आणि माध्यमातला न्यूट्रल रेड हा दर्शक रंग बदलतो. साल्मोनेला लॅक्टोज आंबवत नाही म्हणून फिका. पण दोघेही ग्रॅम निगेटिव्हच! मॅकॉन्कीतले पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट ग्रॅम पॉझिटिव्हना बहुतेक वाढूच देत नाहीत. असे घोळ पुस्तक वाचून सापडत नाहीत, कारण पुस्तकात दोन्ही गोष्टी बरोबरच लिहिलेल्या असतात. तू बोललीस की समोरच्याला कळतं, गाठ कुठे बसलीय ते.

वाढीच्या आलेखाला घरचंच उदाहरण पुरतं. आंबोळीचं किंवा इडलीचं पीठ भिजवून, वाटून ठेवलं की पहिले काही तास काहीच हलत नाही: ती लॅग अवस्था. मग एकदम फुगायला लागतं: लॉग. डिसेंबरात बेळगावच्या थंडीत आई डब्याला जुनी चादर गुंडाळते, कारण थंडीत लॅग लांबते. पिठात ल्यूकोनोस्टॉकसारखे जीवाणू वाढत असतात, त्यांच्या कार्बन डायऑक्साइडने पीठ वर येतं. ठेवून दिलं तर आंबट होत जातं आणि वाढ थंडावते, कारण साखर संपत आली आणि आम्ल साठलं. ही स्टेशनरी अवस्था. आलेख काढताना उभ्या अक्षावर संख्येचा लॉग (गणितातला लॉगॅरिदम) घेतात, तो का, हेही हिशेबाने बघ. ई. कोलायला सगळं अनुकूल मिळालं तर तो साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. एका पेशीपासून आठ तासांत २४ पिढ्या, म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या वर. साध्या आलेखावर पहिले सहा तास जमिनीलगत सपाट दिसतील आणि शेवट कागदाबाहेर जाईल. म्हणून लॉग.

आता माणूस कुठे शोधायचा. सगळ्यात आधी तुझ्याच कॉलेजच्या मॅडम किंवा सरांना विचार. बरेच जण तास संपल्यावर पंधरा मिनिटं आनंदाने देतात, पण मुलं विचारतच नाहीत. त्यानंतर एमएस्सी करणाऱ्या सीनियर. त्यांचा अभ्यास ताजा असतो, तुमचाच अभ्यासक्रम त्यांनी नुकता पार केलेला असतो आणि पैसेही कमी घेतात. पहिल्या वर्षासाठी मी त्यांनाच पसंती देईन. निवृत्त प्राध्यापक मिळाले तर उत्तम, पण अभ्यासक्रम मधल्या काळात बदललाय, तेव्हा राणी चन्नम्मा विद्यापीठाचा चालू अभ्यासक्रम त्यांच्या हातात दे. लॅब टेक्निशियनचा हात फार चांगला असतो. प्रॅक्टिकलसाठी त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे, तत्त्वासाठी मात्र माणूस बघून ठरव. कोल्हापुरात ओळखीचं कुणी आहे असं तू लिहिलंयस. विषय तोच असला तरी शिवाजी विद्यापीठाचे पेपर आणि सेमिस्टरची विभागणी वेगळी असते. त्यांच्या नोट्स जशाच्या तशा घेतल्यास तर तुझ्या पेपरात नसलेले धडे पाठ करत बसशील.

ऑनलाइनचं म्हणशील तर, पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला नेट आणि वीज दोन्हींचा भरवसा नसतो, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. मी बऱ्याच मुलींना नुसत्या फोनवर शिकवलंय. व्हिडिओ नको, काही नको. तिने वही समोर घ्यायची, मी तोंडी प्रश्न विचारायचे, तिने बोलायचं आणि आकृतीचा फोटो नंतर पाठवायचा. व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तयारी फोनवर तर फारच छान होते, कारण हातवारे करून वेळ मारून नेता येत नाही. एक-दोन तास समोरासमोर आणि बाकीचे फोनवर, असं जमत असेल तर तुझा गाडीचा वेळ आणि तिकीट दोन्ही वाचेल. शेवटची गाडी चुकेल अशी वेळ मात्र कुणालाही कबूल करू नकोस. तास चालू असताना अर्धं लक्ष घड्याळात राहतं, आणि घरचे काळजीत.

पैशाचं. आकडा माणसागणिक बदलतो, पण अख्ख्या सेमिस्टरचे आगाऊ देऊ नकोस. तासावर ठरव, चार तास झाले की चारांचे दे, उपयोग होतोय का बघ, मग पुढचे. राहिलेल्या एका पेपरासाठी, तू घरी अभ्यास करत असशील तर, आठ ते दहा तास पुरतात असा माझा अनुभव आहे. त्याहून जास्त लागतील असं पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं तर कारण विचार. गावातली किंवा वर्गातली आणखी एक मुलगी सोबत घेतलीस तर खर्च निम्मा, आणि एकमेकींना समजावून सांगायची सवय लागते ती वेगळीच. तिघींपेक्षा जास्त मात्र नको, परत वर्ग होतो.

एका गोष्टीत मी कडक आहे. ‘घरीच प्लेट तयार करू, जीवाणू वाढवून दाखवतो’ असं कुणी म्हटलं तर नाही म्हण. नाकातल्या, हातावरच्या, गटारातल्या नमुन्यातून काय वाढेल ते सांगता येत नाही, आणि वाढलेलं नष्ट करायला १२१ अंश सेल्सियस तापमान, १५ पौंड दाब आणि किमान १५ मिनिटं लागतात. ज्या कुकरात आपण भात शिजवतो त्यात हे करायचं नसतं. हात बसवायचा असेल तर कॉलेजच्या लॅबमध्येच, परवानगीने, दह्याचा स्मिअर कर. दही फार सुंदर सरावाचं साधन आहे: त्यात काठ्याही दिसतात आणि साखळीतले दाणेही, दोन्ही ग्रॅम पॉझिटिव्ह. पहिल्यांदा करशील तेव्हा दुधातल्या प्रथिनांमुळे मागे सगळा धुरकट रंग दिसेल. दह्याचा कण पाण्याच्या थेंबात चांगला पातळ कर, अगदी पुसट पसरव, हवेत सुकू दे, मगच ज्योतीवरून फिरव. मग १०० पट भिंगाखाली तेलाचा थेंब घालून बघ. हे पाच-सहा वेळा केलंस की परीक्षेच्या दिवशी हात थरथरणार नाही.

पुढच्या सेमिस्टरमध्ये लस आणि प्रतिकारशक्ती येईल तेव्हा एक काम कर. कॉलेजवरून परतताना टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर एकदा जा. आज तिथे लोक फिरायला आणि खेळायला येतात, पण ते नाव उगीच पडलेलं नाही. देवीची लस तिथे तयार व्हायची. वासरांच्या कातडीवर विषाणू वाढवून ती लस बनवत. देशात जी मोजकी केंद्रं ही लस बनवायची त्यात बेळगाव होतं. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. तुझ्या आजीच्या दंडावर तो गोल वण असेल, तिला विचार. मी मुलांना लसीचा धडा तिथूनच सुरू करायला सांगते, कारण तो धडा आपल्या गावात घडलेला आहे.

आत्ता मात्र राहिलेला पेपर. पहिल्या दोन तासांत पेशीभित्तिका आणि ग्रॅम रंजन, तिसऱ्यात सूक्ष्मदर्शक, चौथ्यात निर्जंतुकीकरण, पाचव्यात माध्यमं, सहाव्यात वाढीचा आलेख. उरलेले तास फक्त जुन्या प्रश्नपत्रिका तोंडी सोडवायला. चाचणीच्या तासाला जाताना कोरी वही नेऊ नकोस. तुझं प्रॅक्टिकलचं रेकॉर्ड आणि राहिलेल्या पेपराची प्रश्नपत्रिका ने, आणि ज्या प्रश्नाला पेन अडलं होतं त्याच्यावर आधीच घरी खूण करून ठेव. तिथूनच सुरू करायला सांग.